गुळवेलीतल्या बुरशीने झोन दिला, आता पुढे काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी एका विद्यार्थिनीने गुळवेलीच्या खोडातून बुरशी वेगळ्या केल्या. त्यातल्या एका बुरशीच्या इथाइल अ‍ॅसिटेट अर्काने स्टॅफिलोकॉकस ऑरियसवर १८ मिलिमीटरचा झोन (जिवाणू न वाढलेलं मोकळं वर्तुळ) दिला, ई. कोलायवर मात्र काहीच नाही. बुरशी पांढरी, कापसासारखी वाढते आणि स्पोअर (बीजाणू) धरत नाही. हे नवं अँटिबायोटिक असू शकतं का? ई. कोलायवर परिणाम नाही म्हणजे अर्क निकामी समजायचा का? आणि गाइड म्हणतात तशा आणखी पाच औषधी वनस्पती घ्यायच्या का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. आणखी वनस्पती घेऊ नका. पाच वनस्पती घेतल्या की ढीगभर बुरशी हाती लागतील, त्यांतल्या काही झोन देतील, आणि मार्च उजाडेपर्यंत तुमच्याकडे झोनचा एक मोठा तक्ता तयार असेल. असे तक्ते भारतातल्या प्रबंधांत आणि जर्नलांत भरपूर आहेत. त्यातला झोन नेमका कोणत्या रेणूमुळे आला, हे मात्र फार थोड्या ठिकाणी सापडतं. तुमच्या हातात एक बुरशी आहे, ती काहीतरी करते आहे. उरलेलं वर्ष त्या एकीलाच द्या. गाइडना पटवायला हाच मुद्दा पुरेसा व्हावा: पाच वनस्पतींचा वरवरचा तक्ता छापून आणणं आता पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही, परीक्षक पहिल्याच फेरीत संयुगाचं नाव विचारतात.

आता औषधी वनस्पतीबद्दल. गुळवेल औषधी आहे म्हणून तिच्यातली बुरशीही औषधी असेल, हा तर्क ऐकायला फार गोड आहे, पण त्याला आधार कमी आहे. या समजुतीला बळ मिळालं ते १९९३ मध्ये. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या स्टियर्ल दांपत्याने आणि गॅरी स्ट्रोबेल यांनी पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून टॅक्सोमायसिस अँड्रिएनी ही बुरशी वेगळी केली आणि ती टॅक्सॉल हे त्या झाडातलं कॅन्सरविरोधी औषध बनवते असं जाहीर केलं. झाडाचं औषध झाडातली बुरशीच बनवते! त्यानंतर जगभर औषधी वनस्पतींवर झुंबड उडाली. पण त्या बुरशीचं उत्पादन लिटरमागे नॅनोग्रॅममध्ये होतं. पुढे २०१३ मध्ये जर्मन संशोधकांच्या एका गटाने अशा बुरशींचे जीनोम तपासले. टॅक्सॉल बनवायला लागणाऱ्या पहिल्या महत्त्वाच्या एन्झाइमशी जुळणारा जीन त्यांना टॅक्सोमायसिसमध्येही सापडला नाही.

आपल्याकडचं उदाहरण नरक्याचं. कॅम्प्टोथेसिन या कॅन्सरविरोधी द्रव्यासाठी सह्याद्रीतली नरक्याची झाडं अमाप तोडली गेली. २००५ मध्ये जम्मूच्या प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी नरक्यातल्याच एका बुरशीतून कॅम्प्टोथेसिन मिळाल्याचं प्रसिद्ध केलं, तेव्हा झाडं वाचण्याची आशा वाटू लागली होती. पण चिनी कॅम्प्टोथेकाच्या झाडातल्या फ्युजेरियम सोलानीवर नंतर बारकाईने काम झालं, तेव्हा दिसलं की पिढ्यामागून पिढ्या सबकल्चर केल्यावर (नव्या प्लेटवर पुन्हा पुन्हा वाढवल्यावर) उत्पादन घटत जातं आणि बुरशी पुन्हा झाडात सोडली तरी ते परत येत नाही. कॅम्प्टोथेसिन बनवण्याच्या वाटेवरचं एक एन्झाइम बुरशीकडे नव्हतंच, ती झाडाच्या एन्झाइमवर भागवत होती.

याउलट ज्या बुरशी पानाखोडात सर्रास सापडतात, त्यांतल्या बऱ्याचशा कोणत्याही एका झाडाशी बांधलेल्या नसतात. चेन्नईचे टी. एस. सूर्यनारायणन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम घाटातल्या जंगलांत वर्षानुवर्षं केलेल्या कामातून हे चांगलं पुढे आलं आहे. फायलोस्टिक्टा, फोमोप्सिस, कोलेटोट्रायकम ही मंडळी एकमेकांशी नातं नसलेल्या झाडांत आरामात राहतात. उष्ण कटिबंधात कोवळं पान जवळजवळ रिकामं असतं. ते जसं जून होतं, तसे हवेतून आणि पावसाच्या थेंबांतून आलेले स्पोअर त्यात शिरतात. म्हणजे तुमची बुरशी गुळवेलीची असण्यापेक्षा गुळवेल ज्या कडुनिंबावर किंवा आंब्यावर चढली आहे, त्या परिसराची असण्याची शक्यता जास्त. त्यात निराश होण्यासारखं काही नाही. फक्त आयुर्वेदातल्या गुळवेलीच्या गुणांवर दोन पानं लिहून मग बुरशीकडे वळायची जी पद्धत आहे, ती सोडा. ती दोन पानं गोळा केलेल्या जागेवर, ऋतूवर, खोडाच्या वयावर आणि आधाराच्या झाडावर खर्च करा. तुमचं काम पुन्हा करून बघणाऱ्याला त्याचा उपयोग होईल.

पुढचा प्रश्न, बुरशी खरोखर आतली आहे का? गुळवेलीचं खोड या बाबतीत त्रासदायक असतं. त्याची साल कागदासारखी सुटते, तिच्यावर श्वसनरंध्रांचे उंचवटे असतात आणि त्या खाचांत धूळ व स्पोअर अडकून बसतात. ७० टक्के अल्कोहोलमध्ये एक मिनिट, सोडियम हायपोक्लोराइटमध्ये काही मिनिटं, पुन्हा अल्कोहोल, मग निर्जंतुक पाण्याने धुणं, हा क्रम सगळे करतात. तो पुरेसा झाला की नाही हे बघण्यासाठी शेवटच्या धुण्याचं पाणी प्लेटवर टाकतात. माझा भर त्याहून जास्त ठशाच्या चाचणीवर असतो. निर्जंतुक केलेला तुकडा कापण्याआधी प्लेटवर हलकेच दाबून उचलायचा आणि ती प्लेट इतर प्लेटांबरोबरच ठेवायची. तिच्यावर काही उगवलं, तर त्या तुकडीतल्या सगळ्या बुरशी संशयित. खोडाची साल आधी सोलून टाकली आणि आतल्या भागाचे तुकडे लावले तर चित्र आणखी स्पष्ट होतं. तुमची बुरशी कापलेल्या कडेतून हळूहळू बाहेर आली का, की दुसऱ्याच दिवशी सालीवरून पसरली? वहीत नोंद असेल तर बघा. नसेल तर पुन्हा त्याच वेलीकडे जा. तीच बुरशी ठशाच्या स्वच्छ प्लेटसह दुसऱ्यांदा मिळाली, तर ती आतली आहे हे ठामपणे म्हणता येईल.

आणि हे सगळं करण्याआधी बुरशी जपून ठेवा. १५ ते २० टक्के ग्लिसरॉलमध्ये आगरचे (बुरशी वाढलेल्या जेलीचे) तुकडे टाकून उणे ८० अंशांवर, शिवाय निर्जंतुक पाण्याच्या छोट्या बाटल्यांत थंड जागी. दोन्ही करा. फ्रीजमधल्या एकाच स्लँटवर (नळीतल्या तिरप्या आगरवर) अख्खं वर्ष विसंबू नका. सबकल्चर करत राहिल्यावर क्रियाशीलता मावळणं ही या कामात नेहमीची गोष्ट आहे, आणि सुरुवातीच्या पिढीचा साठा असला तरच मागे जाता येतं.

आता झोनकडे येऊ. तो कशामुळे आला, यापेक्षा आधी विचारायचं की तो दुसऱ्या कशामुळे तर आला नाही ना.

पहिला संशयित म्हणजे तुम्ही स्वतः मीडियममध्ये (बुरशीच्या खाद्यात) घातलेलं अँटिबायोटिक. बुरशी वेगळी करताना जिवाणू दबावेत म्हणून पीडीएमध्ये (पोटॅटो डेक्स्ट्रोज आगरमध्ये) क्लोरॅम्फेनिकॉल किंवा स्ट्रेप्टोमायसिन घालतात. त्या प्लेटवरचा आगरचा तुकडा थेट ब्रॉथमध्ये (पातळ मीडियममध्ये) गेला, तर त्याच्याबरोबर औषधही जातं. स्ट्रेप्टोमायसिन पाण्यातच राहतं, इथाइल अ‍ॅसिटेटमध्ये फारसं येत नाही. क्लोरॅम्फेनिकॉल मात्र छान उतरतं. तुमच्या बाबतीत एक दिलासा आहे. क्लोरॅम्फेनिकॉल असतं तर नेहमीच्या संवेदनशील ई. कोलायवरही झोन दिसला असता. तरीही अँटिबायोटिक नसलेल्या मीडियमवर दोन-तीनदा सबकल्चर करून, त्यापासून केलेल्या ब्रॉथचाच अर्क वापरा आणि तसं स्पष्ट लिहा. दरवेळी बुरशी न घातलेलं मीडियम तेवढेच दिवस ठेवून, तेवढ्याच इथाइल अ‍ॅसिटेटने काढलेला कोरा अर्कही शेजारी हवा. पोटॅटो डेक्स्ट्रोज ब्रॉथ आणि सॉल्व्हंटमधली अशुद्धी मिळूनसुद्धा डिस्कभोवती (अर्क लावलेल्या कागदी चकतीभोवती) फिकट वर्तुळ देऊ शकतात.

दुसरा संशयित पेनिसिलिन. तुमची बुरशी स्पोअर धरत नाही म्हणून ती पेनिसिलियम असण्याची शक्यता कमी, पण बाद झालेली नाही. प्रमाणित स्टॅफिलोकॉकस बहुधा पेनिसिलिनला संवेदनशील असतो आणि ई. कोलायवर साधं पेनिसिलिन फारसं चालत नाही. म्हणजे तुमचा नमुना हुबेहूब असाच दिसेल. चाचणी सोपी आहे. अर्काच्या डिस्कशेजारी पेनिसिलिनेज हे पेनिसिलिन तोडणारं एन्झाइम लावा. झोन त्या बाजूने चपटा झाला तर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये सापडलेलंच तुम्हाला सापडलं आहे.

तिसऱ्या संशयितावर मी सर्वांत जास्त वेळ घालवेन. तो म्हणजे मेदाम्लं, मुख्यतः लिनोलेइक आणि ओलेइक आम्ल. बुरशीच्या पेशींत ती भरपूर असतात, इथाइल अ‍ॅसिटेटमध्ये सहज येतात, स्टॅफिलोकॉकसला मारतात आणि ई. कोलायच्या बाह्य आवरणापाशी थांबतात. ब्रॉथ गाळून घेतला नसेल आणि मायसेलियमसकट (बुरशीच्या तंतूंसकट) अर्क काढला असेल, तर हा संशय दुप्पट करा. सुका अर्क ९० टक्के मिथेनॉलमध्ये घेऊन हेक्झेनने दोन-तीनदा धुवा आणि दोन्ही थर वेगवेगळे तपासा. क्रियाशीलता सगळी हेक्झेनमध्ये गेली तर बहुधा उत्तर मिळालं. दुसरी खूण म्हणजे ब्रॉथमधल्या चाचणीत सीरम अल्ब्युमिन घालून बघणं. अल्ब्युमिन मेदाम्लांना बांधून ठेवतं आणि त्यांची क्रिया नाहीशी होते. मात्र ते इतरही अनेक संयुगांना बांधतं, त्यामुळे एवढ्यावरच निकाल देऊ नका.

ज्यांनी अर्क न काढता नुसता गाळलेला ब्रॉथ आगरला पाडलेल्या विहिरीत (खळग्यात) भरून झोन मोजला आहे, त्यांच्यासाठी आणखी दोन गोष्टी. बुरशी आम्लं सोडून ब्रॉथचा पीएच खूप खाली नेतात, तो सातवर आणून पुन्हा बघा. आणि काही पेनिसिलियम व अ‍ॅस्परजिलस ग्लुकोज ऑक्सिडेज सोडतात. ते ग्लुकोजपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतं आणि जिवाणू मरतात. १९४० च्या दशकात पेनिसिलिनवर काम करणाऱ्यांनाही याने चकवलं होतं. त्या द्रव्याला नोटॅटिन असं नाव देऊन ते वेगळं अँटिबायोटिक समजलं गेलं, नंतर कळलं की ते एन्झाइम आहे. पेरॉक्साइड तोडणारं कॅटॅलेज घातल्यावर झोन गेला तर हेच समजा.

यानंतर १८ मिलिमीटर या आकड्याबद्दल. हा आकडा ताकद सांगत नाही. मोठा, तेलकट रेणू आगरमध्ये सरकतच नाही आणि ताकदवान असूनही छोटा झोन देतो. छोटा, पाण्यात विरघळणारा रेणू दुबळा असूनही लांब पसरतो. शिवाय डिस्कवर किती अर्क टाकला? बरेच जण मिलिलिटरला १०० मिलिग्रॅमच्या द्रावणातून १० मायक्रोलिटर टाकतात, म्हणजे एक मिलिग्रॅम. शेजारच्या क्लोरॅम्फेनिकॉलच्या डिस्कमध्ये ३० मायक्रोग्रॅम असतं. त्या दोन झोनची तुलना तक्त्यात करण्यात काही अर्थ नाही. त्याऐवजी एमआयसी (जिवाणूंची वाढ थांबवणारी किमान मात्रा) काढा. ९६ खळग्यांची प्लेट, म्युलर-हिंटन ब्रॉथ, मिलिलिटरला सुमारे ५ लाख जिवाणू, अर्क निम्म्या-निम्म्याने पातळ करत, डीएमएसओ (अर्क विरघळवणारं द्रावक) शेवटी एक टक्क्याच्या आत. कच्च्या अर्काचा एमआयसी मिलिलिटरला १,००० मायक्रोग्रॅमच्याही वर असेल तर माझ्या मते त्याच्यामागे जाऊ नये. १०० च्या खाली असेल तर लगेच पुढे चला. शुद्ध संयुगाकडून दहाच्या खालची अपेक्षा ठेवावी. रेझाझुरिन (जिवंत जिवाणूंमुळे रंग बदलणारं द्रव्य) घालून रंग वाचणार असाल, तर अर्क रंगीत नाही ना हे बघा. फ्युजेरियमसारख्या बुरशींची लालसर क्विनोनं रेझाझुरिनशी स्वतःच खेळ करतात. अशा वेळी खळग्यातला थेंब प्लेटवर टाकून जिवाणू उगवतात का बघणं जास्त विश्वासाचं.

आता ज्या पायरीसाठी मी प्रत्येक विद्यार्थ्याच्या मागे लागते ती, टीएलसी बायोऑटोग्राफी, म्हणजे अर्कातले घटक सिलिकाच्या पट्टीवर वेगळे करून त्यांवर जिवाणू वाढवणं. महागडं यंत्र लागत नाही, जिल्ह्याच्या कॉलेजातही होते, आणि कच्च्या अर्कातला नेमका कोणता घटक काम करतो हे ती डोळ्यांसमोर आणते. अ‍ॅल्युमिनियमवरच्या सिलिकाच्या तीन सारख्या पट्ट्या घ्या. तिन्हींवर तोच अर्क, साधारण ५० ते १०० मायक्रोग्रॅम, बारीक ठिपक्यात लावा. डायक्लोरोमिथेन आणि मिथेनॉल ९५:५ मध्ये चढवा आणि नीट, अगदी नीट सुकवा. सॉल्व्हंटचा अंश राहिला तर तोच जिवाणू मारेल. एक पट्टी पेट्री प्लेटमध्ये ठेवून तिच्यावर सुमारे ०.७ टक्के आगरचं म्युलर-हिंटन ओता, ज्यात स्टॅफिलोकॉकस मिसळलेला आहे. आगर ४५ अंशांच्या आसपास असू दे, हाताला सोसेल इतकंच गरम. थर घट्ट झाला की दोन तास फ्रीजमध्ये ठेवा म्हणजे संयुगं आगरमध्ये वर सरकतील, मग रात्रभर ३७ अंशांवर. सकाळी एमटीटीचं द्रावण फवारा. अर्ध्या तासात जिवंत जिवाणू पिवळ्या एमटीटीचं जांभळं करतात. सगळी पट्टी जांभळी होते आणि जिथे जिवाणू मेले आहेत तिथे फिकट पिवळसर पट्टे उरतात.

दुसरी पट्टी यूव्हीखाली २५४ आणि ३६६ नॅनोमीटरला बघा, मग आयोडीनच्या वाफेत, मग अ‍ॅनिसाल्डिहाइडने रंगवून. फिकट पट्टा सॉल्व्हंटच्या टोकाजवळ आहे, यूव्हीत काहीच दिसत नाही आणि आयोडीनमध्ये तपकिरी होतो, तर बहुधा मेदाम्ल. पट्टा मधल्या उंचीवर आहे आणि यूव्हीत गडद दिसतो किंवा चमकतो, तर उत्साहाने पुढे जा. तो भाग न रंगवलेल्या तिसऱ्या पट्टीवरून खरवडून, मिथेनॉलने काढून थेट एलसी-एमएसला (घटक वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राला) देता येतो. स्वतःच्या संस्थेत यंत्र नसेल तर विद्यापीठांच्या मध्यवर्ती उपकरण सुविधा पैसे घेऊन नमुने चालवतात. पैसे खर्च करायचेच असतील तर इथे करा.

एलसी-एमएस आलं की वस्तुमान, यूव्ही स्पेक्ट्रम आणि बुरशीची जात यांची सांगड घालून ज्ञात संयुगांशी जुळवायचं. इथेच नव्या अँटिबायोटिकची बहुतेक स्वप्नं संपतात, आणि ती लवकर संपलेली बरी. पेनिसिलियम, अ‍ॅस्परजिलसकडून सिट्रिनिन आणि पेनिसिलिक आम्ल, फ्युजेरियमकडून फ्युजेरिक आम्ल, इक्विसेटिन, ब्यूव्हेरिसिन, अल्टरनेरियाकडून अल्टरनेरिऑल, झायलेरियाकडून सायटोकॅलासिन. ही नावं पुन्हा पुन्हा भेटतात. स्पेक्ट्रमची तुलना करायला जीएनपीएस आणि नॅचरल प्रॉडक्ट्स अ‍ॅटलस हे डेटाबेस फुकट उपलब्ध आहेत.

ज्ञात संयुग निघालं म्हणजे काम वाया गेलं असं मी मानत नाही. बनारस हिंदू विद्यापीठातल्या गटाने २००९ मध्ये कडुनिंबाच्या मुळातल्या क्लोरिडियम बुरशीतून जावानिसिन वेगळं केलं. हे नॅप्थोक्विनोन फ्युजेरियममधून कितीतरी आधीपासून माहीत होतं. पण त्यांनी बुरशी ओळखली, संयुग शुद्ध केलं, रचना पक्की केली आणि स्यूडोमोनासवर त्याची क्रिया दाखवली. रेणूला नाव असलेलं असं एक काम मला नाव नसलेल्या डझनभर झोनपेक्षा मोलाचं वाटतं.

बुरशीची ओळखही याच टप्प्यावर पक्की करा. तुमची पांढरी, स्पोअर न धरणारी बुरशी डायापोर्थे असू शकते, झायलेरिया असू शकते, एखादी बॅसिडिओमायसीटसुद्धा असू शकते. गुळवेलीच्याच खोडाचे ऑटोक्लेव्ह केलेले तुकडे वॉटर आगरवर ठेवून त्यावर बुरशी लावा आणि दिवसाआड नव्हे, रोज १२ तास उजेड व १२ तास अंधार द्या. डायापोर्थे असेल तर काही आठवड्यांत काळे टिपके येतात आणि त्यातून फिकट पिवळसर चिकट थेंब बाहेर येतो. तो सूक्ष्मदर्शकाखाली बघा. आयटीएस या ओळखीसाठी वापरल्या जाणाऱ्या डीएनएच्या तुकड्याचं सिक्वेन्सिंग कराच, पण ब्लास्ट या डेटाबेस-शोधात वर आलेलं पहिलं नाव उतरवून घेऊ नका. डेटाबेसमध्ये चुकीची नावं लावलेले सिक्वेन्स बरेच आहेत. टाइप नमुन्यांशी (ज्यांवरून प्रजातीला नाव दिलं गेलं, त्यांच्याशी) तुलना करा. फ्युजेरियमला टीईएफ-१ अल्फा, कोलेटोट्रायकमला आणखी दोन-तीन जीन लागतात. नुसत्या आयटीएसवर प्रजाती सांगू नका, वंशापर्यंत थांबणं जास्त प्रामाणिक.

ई. कोलायचा प्रश्न राहिला. त्याच्यावर परिणाम नाही म्हणजे अर्क निकामी नाही. ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंना बाहेरचं एक जादा आवरण असतं आणि आत शिरलेलं बाहेर फेकणारे पंप असतात. बुरशीजन्य संयुगं बहुतांशी इथेच अडतात. फ्युसिडिक आम्ल आणि प्ल्युरोम्युटिलिन ही दोन्ही बुरशींचीच देणगी, दोन्हींची ताकद मुख्यतः स्टॅफिलोकॉकससारख्या ग्रॅम-पॉझिटिव्हवर, आणि दोन्हींपासून औषधं झाली. प्ल्युरोम्युटिलिन १९५१ मध्ये एका भूछत्रातून मिळालं आणि त्यापासून केलेलं लेफाम्युलिन न्यूमोनियासाठी २०१९ मध्ये मान्य झालं. तुमच्या संयुगाला ई. कोलायच्या आत लक्ष्यच नाही की ते आत जातच नाही, हे बघायचं असेल तर पॉलिमिक्सिन बी नॉनापेप्टाइडबरोबर चाचणी करा. ते आवरण सैल करतं, स्वतः त्या मात्रेत मारत नाही. एकदम परिणाम दिसू लागला तर अडचण प्रवेशाची आहे, आणि ही माहिती पुढच्या रसायनशास्त्रज्ञाला फार उपयोगी पडते.

एक चाचणी मात्र बहुतेक प्रबंधांत नसते, तिचा मी आग्रह धरते. संयुग जिवाणूला मारतं, पण आपल्या पेशींना सोडतं का? कोस्टा रिकातल्या ग्वानाकास्ते अभयारण्यात एका झाडाच्या फांदीतल्या बुरशीतून ग्वानाकास्टेपीन ए मिळालं. २००० च्या सुमारास त्याची बातमी आली तेव्हा मोठी खळबळ होती. रचना कधी न पाहिलेली, आणि मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकसवर व व्हॅन्कोमायसिनला न जुमानणाऱ्या एंटरोकॉकसवर क्रिया. मग कळलं की ते माणसाच्या लाल रक्तपेशीही फोडतं. औषध म्हणून वाट तिथेच अडली, जरी ती रचना बनवण्यासाठी रसायनशास्त्रज्ञ पुढे बरीच वर्षं झटत होते. पेशीचं पटल फाडणाऱ्या रेणूंना आपलं आणि परकं कळत नाही. त्यामुळे धुतलेल्या मेंढीच्या लाल पेशींचं दोन टक्के द्रावण, तुमचं संयुग एमआयसीच्या दहापट मात्रेपर्यंत, ट्रायटन एक्स-१०० हे पेशी फोडणारं डिटर्जंट संपूर्ण फुटण्याचा मापदंड म्हणून, आणि ५४० नॅनोमीटरला वाचन. एका दिवसाचं काम आहे. माणसाचं रक्त वापरणार असाल तर आधी एथिक्स कमिटीची परवानगी.

संयुगाचं प्रमाण फार कमी पडत असेल तर बुरशीचं खाणं बदला. एकच बुरशी मीडियम, हवा, तापमान बदललं की वेगळी संयुगं बनवते. जर्मनीतल्या झीक आणि बोडे यांच्या गटाने २००२ मध्ये हे पद्धतशीर मांडलं. माझा पहिला प्रयोग नेहमी तांदळावर असतो. फ्लास्कमध्ये भिजवलेला तांदूळ ऑटोक्लेव्ह करायचा, त्यावर बुरशी लावायची आणि तीन-चार आठवडे न हलवता ठेवायचा. शेकरवरच्या ब्रॉथमध्ये अजिबात न दिसणारे पट्टे तांदळावर कितीदा तरी ठळक येतात. मात्र तांदळातली मेदाम्लंही येतात, तेव्हा हेक्झेनने धुणं आणि कोऱ्या तांदळाचा अर्क इथे दुप्पट महत्त्वाचे.

हे सगळं कशासाठी, असं वाटू शकतं. २०१९ या एका वर्षात प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे थेट सुमारे १२.७ लाख माणसं दगावली, असा लॅन्सेटमधल्या अभ्यासाचा अंदाज आहे. आणि वनस्पतींत राहणाऱ्या बुरशींपासून औषध होऊच शकत नाही असं नाही. जुनिपरच्या पानांशी निगडित हॉर्मोनेमा बुरशीतून एन्फ्युमाफंजिन मिळालं, त्यात रासायनिक बदल करून आयब्रेक्साफंजर्प झालं आणि २०२१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ते बुरशीविरोधी आहे, जिवाणूविरोधी नाही, आणि मधे दोन दशकं गेली. त्या साखळीची पहिली कडी म्हणजे कुणीतरी नीट केलेली, जपलेली आणि ओळखलेली एक बुरशी. एम.एस्सी.च्या वर्षात एवढी कडी नक्की पक्की होते.

कागदपत्रांचं थोडक्यात. वेलीचा नमुना दाबून, सुकवून पुण्यातल्या बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या पश्चिम विभागीय केंद्रातून ओळख पक्की करून घ्या. गुळवेलीच्या जवळच्या दुसऱ्या जातीही बाजारात आणि बांधावर सर्रास असतात. राखीव वनातून आणली असेल तर वन विभागाची परवानगी प्रबंधाला जोडा. पेटंटचा विचार आला तर जैवविविधता कायद्याखाली राष्ट्रीय प्राधिकरणाची पायरी चुकत नाही, आणि परदेशी प्रयोगशाळेला बुरशी पाठवण्याआधीही तेच. बुरशी पुण्याच्याच आघारकर संस्थेतल्या राष्ट्रीय बुरशी संग्रहात जमा करा, क्रमांक मिळवा आणि तो क्रमांक शोधनिबंधात द्या. क्रमांकाशिवाय ती बुरशी दुसऱ्या कुणाला कधीच मिळणार नाही.

आता क्रम असा ठेवा: या आठवड्यात ग्लिसरॉलचे साठे आणि अँटिबायोटिकविना सबकल्चर. त्यानंतर नवा ब्रॉथ, कोऱ्या मीडियमसह. अर्क हेक्झेनने धुऊन एमआयसी, आणि लगोलग बायोऑटोग्राफी. पट्टा मेदाम्लाचा निघाला तर तसं लिहा आणि त्याच बुरशीला तांदळावर लावा. पट्टा दुसऱ्या कशाचा निघाला तर त्याचं आरएफ (पट्टीवर तो किती वर चढला ते प्रमाण), यूव्हीतला रंग आणि एलसी-एमएसमधलं वस्तुमान मला कळवा, जुळणी आपण मिळून करू.